तेराव्या फरशीपर्यंत

१२ जून

निवृत्त माणसाने रोजनिशी लिहावी म्हणतात. निदान दिवस गेला कुठे, ते तरी कळतं. निवृत्त झालो त्या वर्षी लिहिली नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी हिची बोलणी. आता आहे. उत्तरेकडच्या आमच्या मराठी वस्तीच्या शहरातल्या छोट्या संग्रहालयाचा व्यवस्थापक म्हणून कामाला लागून मला आज बारा दिवस झाले, आणि आजच मोठा नकाशा भिंतीवर चढला.

नकाशा शंभर वर्षांपूर्वीचा, हाताने रंगवलेला. एका मोजणीदाराने साखळी घेऊन गल्लीबोळ पालथे घातले आणि तीन वर्षांत तो पुरा केला. नदी निळी, बागा हिरव्या, हद्दी गुलाबी. माणसापेक्षा उंच. त्या मोजणीदाराची नात अजून आहे. ऐंशीच्या घरातली, जन्मभर सुईणीचं काम केलेली. तिने तो आम्हाला सांभाळायला दिला आहे. सांभाळायला, दान नव्हे. "रंग उडाला तर उचलून घरी नेईन," असं तिने संग्रहालयाच्या अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण इतका देखणा नकाशा मला कधी हाताळायला मिळाला नव्हता.

गेल्या आठवड्यात चौकटीचं माप घ्यायला आला तेव्हाच फ्रेमवाल्याने कुरकुर केली होती. "खिडक्या दक्षिणेच्या आहेत सर. नकाशा बरोब्बर समोरच्या भिंतीवर. जाड पडदे लावून घ्या."

मी म्हटलं, अंदाजाने बोलायचं नाही, मोजायचं. चार दिवस दुपारच्या जेवणाला घरी न जाता दालनात बसलो. एका बाजूला गोदाम आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्याची उंच इमारत असल्यामुळे दालनात ऊन येतं तेच मुळी अकरा ते दोन. खिडकीपासून नकाशाच्या भिंतीपर्यंत तेरा फरशा आहेत, फूटभराची एक. ऊन जेमतेम दुसरी फरशी ओलांडतं. खडूने रेघ मारून अध्यक्षांना दाखवली. ते पेशाने दंतवैद्य असल्यामुळे समोरच्याच्या उत्तराची वाट न बघता बोलत राहायची त्यांना सवय आहे. पण आज गप्प राहून रेघ बघितली आणि म्हणाले, "असा माणूस हवा होता." पडदे रद्द.

३० जुलै

लिहिण्यासारखं काही नाही, पण वही कोरी राहिली तर ही टोमणे मारते.

दहाला उघडतो, बाराला बंद करतो, तीनला पुन्हा उघडतो, सहाला किल्ल्या. मधल्या तीन तासांत मी घरी जेवतो आणि पडतो. त्या वेळात मावशी फरशी पुसते. मावशी म्हणजे साफसफाईवाली. एकोणीस वर्षं इथेच आहे, चार व्यवस्थापक आले नि गेले. कमी बोलते. बोलते तेव्हा फरशीकडे बघून बोलते.

२४ ऑगस्ट

खिडकीजवळची माझी खुर्ची दोन फरशा मागे घेतली. साडेअकराला ऊन थेट वहीवर यायला लागलं होतं, डोळे दिपत होते. वय झालं की उजेड सोसत नाही.

खुर्ची सरकवताना मावशी बादली घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, ऊन आत यायला लागलंय. पाचव्या फरशीपर्यंत येतं दुपारी."

मी हसून म्हटलं, "मावशी, सूर्य आहे तो. थोडा इकडेतिकडे होणारच." ती फरशीकडे बघत राहिली. मग पुसायला लागली.

२३ सप्टेंबर

आज दिवस आणि रात्र सारखी. शाळेत असताना या दिवशी मी वर्गात पृथ्वीचा गोल आणायचो. त्यावरून पोरांनी माझं नाव 'गोलसर' पाडलं. ही म्हणते, गोलावरून नाही, पोटावरून पाडलं.

आणि आजच कल्पना सुचली. बाजूची छोटी खोली रिकामी आहे. तिथे 'ऋतू का होतात' याची मांडणी करायची. मधे दिवा, भोवती कललेला गोल, पोराला हाताने बावीस जूनपासून बावीस डिसेंबरपर्यंत फिरवता येईल असा. अध्यक्षांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच तारीखही ठरवली: बावीस डिसेंबर, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. शाळांना बोलावू म्हणाले.

मग मजा म्हणून एक प्रश्न सगळ्यांना विचारून पाहिला. उन्हाळा का होतो? ही म्हणाली, सूर्य जवळ येतो म्हणून. फ्रेमवाला म्हणाला, जवळ येतो. अध्यक्षांनी पाच मिनिटं घेतली आणि तेही तिथेच पोचले. अरे, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण इथे कुडकुडत असतो तेव्हा! जवळ-लांब हा प्रश्नच नाही. प्रश्न कलाचा आहे. पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली. आपली बाजू सूर्याकडे झुकली की ऊन वरून सरळ पडतं, दिवस मोठा, उन्हाळा. पलीकडे झुकली की सूर्य दिवसभर खाली खाली राहतो, ऊन तिरकं येऊन पसरतं, त्यात धग राहत नाही, हिवाळा. इतकं सोपं आहे, आणि शिकलेसवरलेले लोक अडखळतात. मावशीला विचारलं नाही, ती पुसत होती.

खुर्ची पुन्हा मागे घ्यावी लागली.

१२ ऑक्टोबर

साडेअकराला टेबलाच्या पायाशी ऊन. टेबल आहे दहाव्या फरशीवर. वाचताच येईना. शेवटी वैतागून सगळा संसार बाजूच्या खोलीत हलवला. नाहीतरी मांडणी तिथेच करायची आहे. दिव्याचा परिणाम दिसायला अंधार हवा म्हणून झडपा लावल्या आणि फटींवर काळा कागद चिकटवला. आता खोलीत भर दिवसा रात्र. बाराला बाहेर पडायलाही तिचंच मागचं दार सोयीचं. ही डबा घेऊन आली होती, दारातच थबकली. "उजेड शिकवायला अंधारात बसलात होय," म्हणाली.

५ नोव्हेंबर

टॉर्चचा प्रयोग जमला. पुठ्ठ्यावर चौकोन आखले. टॉर्च सरळ वरून धरली की उजेड चोवीस चौकोनांत मावतो. हिवाळ्यातल्या सूर्याइतकी खाली, तिरकी धरली की तोच उजेड पंचेचाळीस चौकोनांवर पसरतो आणि प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला निम्मा येतो. टॉर्च तीच, सेल तेच. हे बघून ज्याला कळणार नाही त्याला देवही शिकवू शकणार नाही. तीनदा करून पाहिला. फार समाधान वाटलं.

१८ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं.

गोलाचा आस आणायला बाजारात गेलो होतो, म्हणून परतताना घरी न जाता अडीचलाच संग्रहालयात आलो. बघतो तर मोठ्या नकाशावर चादर! घरातली जुनी, फुलाफुलांची चादर, चौकटीवरून खाली सोडलेली. हात लावला तर कोमट. म्हणजे बाई घरची चादर इथे आणून वाळवते, तीही नकाशावर.

मावशीला हाक मारली. म्हणाली, "सर, दुपारी नकाशावर ऊन येतं. खालच्या भागावर. म्हणून झाकते. पंधरा दिवस झाले."

मी म्हटलं, "मावशी, मी स्वतः मोजलंय. ऊन दोन फरशांपलीकडे येत नाही. चार दिवस बसून मोजलंय."

"तेव्हा येत नव्हतं. आता येतं."

खोटं बोलताना माणूस इतका शांत राहू शकतो याचं मला आश्चर्य वाटलं. दालनात तेव्हा उन्हाचा कवडसाही नव्हता. मी तिला दाखवलं, "कुठे आहे?" ती म्हणाली, दोनला जातं. मी वाद घातला नाही. चादर काढायला लावली आणि पुन्हा नकाशाला कापड लागलेलं दिसलं तर अध्यक्षांच्या कानावर घालीन, असं सांगितलं. तिने घडी घातली, पिशवीत ठेवली आणि "बरं" म्हणाली.

एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं बोलावं लागलं, याचं वाईट वाटलं. पण नकाशा परक्याचा आहे.

२७ नोव्हेंबर

रोज तीनला आल्यावर आधी नकाशा बघतो. चादर नाही. वेळीच लक्ष घातलं ते बरं झालं.

९ डिसेंबर

आजचं लिहायला नको वाटतंय, तरी लिहितो.

मोजणीदाराची नात आज अचानक आली. काठी टेकत नकाशापर्यंत गेली, वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग म्हणाली, "नदी कुठे गेली?"

मी जवळ गेलो. खालचा दीड-दोन फुटांचा भाग फिकट पडला आहे. गुलाबी हद्दी तर जवळजवळ गेल्याच. नदीचा निळा रंग पाणी घातलेल्या दुधासारखा. वर जाल तसा रंग पूर्वीसारखा. रोज बघणाऱ्या माझ्या डोळ्यांना हे दिसलं नाही, कारण रोज थोडं थोडं झालं. त्या बाईने सहा महिन्यांनी पाहिलं आणि तिला लगेच दिसलं.

ती रडली नाही. "मी दोन दिवसांनी येते, कसं झालं ते सांगा," एवढंच म्हणाली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

कसं झालं ते उघड आहे. ओली चादर. पंधरा दिवस वाळवत होती, तिच्याच तोंडून ऐकलंय. ओल काचेच्या कडेने आत गेली, रंग सुटला. नोंदवहीत तसं लिहिलं: 'सफाई कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे व ओलीमुळे नुकसान.'

११ डिसेंबर

सभा झाली. अध्यक्ष, दोन विश्वस्त, मोजणीदाराची नात, फ्रेमवाला आणि मी. मावशी दाराशी उभी.

फ्रेमवाल्याने चौकट उघडून पाहिली होती. म्हणाला, "चौकटीच्या पट्टीखाली जो रंग झाकलेला आहे तो अगदी ताजा आहे. पाणी गेलं असतं तर आधी तिथेच साठलं असतं. आणि ओलीचा डाग कड सोडतो. इथे कड नाही."

मला त्याचा राग आला. फ्रेमवाल्याने फ्रेमा कराव्यात.

अध्यक्षांनी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "चादर कोरडी होती. दुपारी ऊन येतं नकाशावर. सरांनी चादर काढायला लावली, मी काढली."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोजमाप आपण सगळ्यांनी बघितलंय." ते हसले, मीही हसलो. मावशीला उद्यापासून यायचं नाही असं सांगितलं. तिने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. नात खिडकीकडे बघत होती.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "घरची ओली चादर कुणी एवढ्या लांब वाळवायला नेतं का हो?" मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं.

१५ डिसेंबर

दुसरी बाई मिळेपर्यंत सफाई मीच बघायची असं ठरलं. 'बघायची' म्हणजे करायची, हे तीन दिवसांत समजलं. पुसायचं तर लोक नसताना, म्हणून आज जेवायला घरी गेलो नाही.

काठी धरून पुसणं वाटतं तितकं सोपं नाही. कंबर गेली. दाराकडून सुरुवात केली, उलट्या पावलांनी मागे मागे येत होतो. नजर खाली. पुसलेली फरशी माझ्यासमोरच वाळत होती. इतक्या थंडीत इतक्या लवकर कशी वाळते, असं मनात आलं. मग लक्षात आलं, मी उन्हात उभा आहे. खिडकीकडे पाठ होती, ऊन मानेवर होतं आणि माझी सावली पुढे पडली होती. सावलीचे पाय फरशीवर होते, डोकं भिंतीवर होतं. नकाशावर होतं.

बाजूला झालो. नकाशाच्या खालच्या भागावर स्वच्छ पिवळं ऊन होतं. फिकट भाग जिथे संपतो तिथेच ते ऊन संपत होतं. बोटभराचाही फरक नाही.

साडेबारा वाजले होते. दोन वाजेपर्यंत मी तिथेच बादलीशेजारी जमिनीवर बसलो. दोनला ऊन दवाखान्यामागे गेलं आणि दालन असं झालं की जणू तिथे कधी ऊन आलंच नव्हतं. मी रोज बघायचो तसं.

जूनमधला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे ऊन खिडकीत येऊन तिथेच खाली पडतं, दोन फरशांवर. डिसेंबरात तो निम्म्याहून खाली असतो. तेच ऊन समोरून आत शिरतं, तेरा फरशा चालून जातं आणि भिंतीवर चढतं. हे मी एकतीस वर्षं शिकवलं. बाजूच्या खोलीत टॉर्च घेऊन तीनदा करून पाहिलं. आणि मधे फक्त एक भिंत होती.

१६ डिसेंबर

खिडक्यांना चादरी बांधल्या. आमच्या घरच्या. हिने कारण विचारलं. धूळ म्हणून सांगितलं.

१७ डिसेंबर

खरं ते इथे तरी लिहावं.

काल आणि आज मी एवढाच विचार केला की हे कुणाला कळेल का. नकाशावर आता ऊन येणार नाही. पडदे लावू असं सभेत सहज सुचवता येईल, 'खबरदारी म्हणून'. उन्हाळ्यापर्यंत सूर्य वर जाईल आणि दालनात पुन्हा दोन फरशा ऊन राहील. कुणी मोजलं तरी माझी रेघ खरी निघेल.

मग ही वही मागून चाळली. ऑगस्टात पाचवी फरशी. ऑक्टोबरात दहावी. माझ्याच अक्षरात आहे. खुर्ची मी सरकवत गेलो, आणि डोळ्यांना दोष दिला. आणि सगळ्यात वाईट ते अठरा नोव्हेंबरचं पान. चादर तिथे राहू दिली असती तर नदी आज निळी असती. नकाशा सांभाळत होती ती एकटी मावशी, आणि मी तिलाच घालवून दिलं.

जेवण गेलं नाही. हिने ताट उचललं आणि एवढंच विचारलं, "त्या मावशींचं काय झालं पुढे?" मी सगळं सांगून टाकलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हिला टोमणा सुचला नाही आणि मला फार भीती वाटली.

१८ डिसेंबर

मावशींच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र. शेजारणीच्या परकराला दुमड घालत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, म्हणून उभाच राहिलो.

"मावशी, चूक माझी होती. ऊनच होतं."

"ते मला माहीत आहे सर. ते मला काय सांगताय?"

त्यांनी दोरा तोडला. मग आपणहूनच म्हणाल्या, "शाळेत सफाईला विचारायला गेले होते. तिथे आपले अध्यक्षच पाहुणे असतात. वस्तू खराब करते म्हणून माझं नाव माझ्याआधी तिथे पोचलं होतं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून कप फुटला नाही."

मी विचारलं, "तुम्ही अध्यक्षांना हाताला धरून दुपारी का नाही आणलंत? दाखवायचं होतंत."

"तुम्हाला दोनदा सांगितलं. सभेत सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. चौथ्यांदा सांगितलं असतं तर भांडकुदळ म्हणाला असतात."

खरं होतं. म्हणालो असतो.

"परत या," मी म्हटलं.

"नोंदवहीत लिहिलंत ना माझ्यावर? त्याच वहीत, त्याच्याखाली लिहा. आणि मी उभी असताना वाचून दाखवा, त्या दिवशी जे होते त्या सगळ्यांना. मग बघेन." यंत्र पुन्हा सुरू केलं त्यांनी. ते बंद होईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

२० डिसेंबर

सकाळी आधी अध्यक्षांच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता कशाला उकरून काढता? बाईंना दुसरीकडे कुठे चिकटवून देऊ. परवा उद्घाटन आहे, शाळा येणार आहेत, तुमचंच हसं होईल." प्रेमाने म्हणाले. क्षणभर मला त्यांचं म्हणणं पटलंही. म्हणून लगेच उठलो. आणखी बसलो असतो तर पूर्ण पटलं असतं.

चारला सगळे जमले. मावशी दाराशी, त्याच जागी. नोंदवही उघडून वाचलं: 'वरील नोंद चुकीची आहे. नुकसान उन्हाने झाले. जूनमध्ये घेतलेले मोजमाप बारा महिन्यांचे समजण्याची चूक माझी. कर्मचाऱ्याने नकाशा झाकून ठेवला होता व मला दोनदा सूचना दिली होती. मी ती मानली नाही.'

फ्रेमवाला खाली बघत होता, बिचारा. मोजणीदाराच्या नातीने एकच प्रश्न विचारला. "चादर काढायला कुणी लावली?"

"मी."

तिने मान हलवली. उद्या नकाशा घेऊन जाते म्हणाली. जाताना दाराशी थांबली आणि मावशींचा हात दोन्ही हातांत घेतला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मी राजीनामा पुढे केला. अध्यक्षांनी वाचला आणि "तुमच्या जागी यायला रांग लागलेली नाही," म्हणून परत दिला. मावशींना कामावर परत घेतल्याचं पत्र मात्र मी तिथेच लिहून घेतलं, आणि शाळेला द्यायचं दुसरं पत्रही. दोन्हींवर त्यांची सही घेतली.

२२ डिसेंबर

उद्घाटन झालं. तीन शाळांची पोरं आली. दिवा लावला, गोल फिरवला, टॉर्च दाखवली. पण त्याआधी सगळ्यांना मोठ्या दालनात नेलं. खिडक्यांच्या चादरी काढल्या होत्या. मोकळ्या भिंतीवर ऊन होतं, कमरेच्या उंचीएवढं, आणि वर नकाशाच्या जागी चार खिळे. पोरांना सांगितलं की इथे एक नकाशा होता आणि तो मी कसा घालवला. पोरं हसली. एकदोन मास्तर हसले नाहीत.

बाराला सगळे गेले. मी जेवायला गेलो नाही. मावशी बादली घेऊन आल्या, दाराकडून सुरुवात केली. मी भिंतीपाशी उभा होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "मावशी, उद्यापासून ऊन खाली उतरायला लागेल ना? जानेवारीअखेर कुठवर येतं दरवर्षी?"

त्यांनी फडकं पिळलं, काठीला लावलं.

"तुम्हीच मोजा, सर," म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. एकोणीस वर्षं जे दिसेल ते आपणहून येऊन सांगणारी ही बाई आता मला काही सांगणार नाही. तिला नोकरी परत देता आली. हे कसं परत मिळवायचं ते मला ठाऊक नाही, आणि ते एका पत्राने होणारं नाही, एवढं कळतं.

मी पट्टी आणायला बाजूच्या खोलीत गेलो. परत आलो तेव्हा अर्धं दालन पुसून झालं होतं. भिंतीजवळच्या दोन फरशा तेवढ्या त्यांनी कोरड्या सोडल्या होत्या, मला गुडघे टेकता यावेत म्हणून.